दर दुसऱ्या रविवारी केस पिंजारतात : शाम्पू बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार अशी. सौम्य, वनस्पतीजन्य म्हणून शाम्पू आणला. पहिल्या न्हाण्याला केस मऊ, बोटं सरसर फिरतात. पुढच्या वेळी तेच डोकं, तोच शाम्पू, आणि वाळल्यावर केस असे की जुनी गादी उसवून कापूस बाहेर काढावा. मग बाटलीला शिव्या, मग नवी बाटली, आणि परत नव्याचे नऊ दिवस.

आमच्याकडे हे दीड वर्ष चाललं. लेकीचे केस कुरळ्याकडे झुकणारे, माझे सरळ पण राठ. दोघींची रड एकच. न्हाणीघराच्या फळीवर पाच अर्धवट बाटल्या जमल्या. त्यातल्या दोनांनी मी गेल्या हिवाळ्यात घरातले सगळे स्वेटर धुतले. लोकरीला फार छान, हे जाता जाता सांगून ठेवते.

छडा लागला तो दुधाच्या हिशेबामुळे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दुधाच्या पिशव्या लिहिते. लेकीनं तिथेच रविवारच्या चौकटीत लिहायला सुरुवात केली : ‘बरे’ किंवा ‘झिपऱ्या’. आठ रविवार झाल्यावर तिनं कॅलेंडर माझ्यापुढे आणून धरलं. बरे, झिपऱ्या, बरे, झिपऱ्या. मधे एकदा शाम्पू बदलला होता, त्याचा काडीचाही फरक दिसत नव्हता. एक सोडून एक.

इंदूरमधल्या माणसाला ‘एक सोडून एक’ म्हटलं की दुसरं काय आठवणार? नर्मदा. १९७८ पासून नदीकाठच्या जलूद गावाहून विंध्य चढून ती इथे नळाला येते, आणि बहुतेक वस्त्यांमध्ये एक दिवसाआड येते. आता आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम. या रविवारी नर्मदा आली तर पुढच्या रविवारी येणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येणार. नळ येतात त्या दिवशी आमची वरची टाकी नर्मदेनं भरते. न येण्याच्या दिवशी सकाळची धुणीभांडी होईतो ती तळाला जाते आणि मग बोरिंगचा खटका दाबला जातो. आम्ही मायलेकी रविवारी दहाच्या पुढे न्हाणार. म्हणजे एका रविवारी नर्मदेत आणि एका रविवारी बोरिंगमध्ये. ‘रोग रेड्याला अन् औषध पखालीला’ म्हणतात. आमच्याकडे रोगच पखालीत होता आणि औषध आम्ही रेड्याला पाजत होतो.

म्हणून सांगते, बाटली बदलण्याआधी चार न्हाणी तारखेसकट लिहा. पाणी कुठलं, शाम्पू कुठला, आधी तेल होतं का, हवा कोरडी की दमट. एवढं लिहिलं तरी अर्धं उत्तर कागदावरच दिसतं.

पाणी जड आहे का, हे घरात कसं ओळखायचं

तुरीची डाळ सगळ्यात आधी सांगते. बोरिंगच्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांनी मोडत नाही, दाणा अख्खा राहतो, आणि वरण घोटताना मनगट दुखतं. तीच डाळ नर्मदेच्या पाण्यात लोण्यासारखी होते. जे पाणी डाळीला शिजू देत नाही ते केसांना मऊ ठेवणार नाही. कारण दोन्हीकडे एकच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मालवा म्हणजे काळ्या पाषाणाचं पठार. त्या खडकातून मुरत खाली गेलेलं पाणी हे क्षार विरघळवून बरोबर आणतं. नळाच्या तोटीवर, गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला जी पांढरी खरखरीत खपली चढते ती तीच.

आणखी पक्की चाचणी हवी असेल तर झाकणाची पारदर्शक बाटली घ्या. अर्धी बाटली पाणी, त्यात कपडे धुण्याच्या साध्या साबणाच्या वडीचा नखाएवढा कीस. (डिटर्जंटची वडी किंवा पावडर चालणार नाही, ती जड पाण्यातही फेसते.) जोरजोरात हलवा. फेस उभा राहिला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस बसला, पाणी दुधाळ झालं आणि वर दह्याच्या कण्यांसारखं काही तरंगलं तर जड. आम्ही दोन बाटल्या शेजारी ठेवून केलं. नर्मदेची बाटली फेसानं गळ्यापर्यंत भरली. बोरिंगच्या बाटलीत ताक झालं.

आरओ बसवणारा ज्या पेनासारख्या यंत्रानं टीडीएस दाखवतो त्यावरून मात्र निकाल लावू नका. ते यंत्र पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं, साधं मीठसुद्धा त्यात आलं. आपल्याला हवा तो जडपणा, तो प्रयोगशाळेत वेगळा मोजतात. लीटरला ६० मिलिग्रॅमच्या आत म्हणजे हलकं पाणी, १८० च्या वर म्हणजे फार जड. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही बरी मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या कसोटीला उतरलेलं पाणीही केसांना जाचक असू शकतं. दोघांत काही विरोध नाही.

केसाला नेमकं काय होतं? केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियम धन, त्यामुळे ते तिथे चिकटून बसतं. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, ते नीट मिटून बसायचे तर त्यांच्यावर ही खर साठते. केस केसाला घासतो, गुंततो, तुटतो. 

उपाय : शेवटचे चार तांबे

सगळं न्हाणं हलक्या पाण्यानं करायची गरज नाही, एवढं पाणी कोण देणार? पहिलं भिजवणं, फेस काढणं बोरिंगनं होऊ द्या. शेवटचे चार-पाच तांबे तेवढे चांगल्या पाण्याचे हवेत. आम्ही शनिवारी एक झाकणाची बादली नर्मदेनं भरून ठेवतो. ज्या घरी फक्त बोरिंग आहे त्यांनी पाणी खळखळून उकळायचं, रात्रभर निवू द्यायचं आणि सकाळी तळ न ढवळता वरचं ओतून घ्यायचं. आपल्याकडच्या जडपणाचा बराच भाग उकळल्यानं खाली बसतो. पातेल्याच्या बुडाशी पिठासारखा जो साका दिसतो तो केसांत जायचा वाचला.

आरओचं शुद्ध पाणीही चालतं. पण आरओच्या बारीक नळीतून जे बाहेर टाकलं जातं ते पाणी केसांना अजिबात घेऊ नका. आमच्या शेजारच्या काकू काटकसरीनं ते बादलीत साठवून त्यानं न्हात होत्या आणि केस गळतात म्हणून कढीपत्त्याचा रस पीत होत्या. त्या पाण्यात मूळच्या पाण्याहून जास्त क्षार असतात. फरशीला, संडासला ठीक.

शेवटच्या तांब्यांपैकी एकात आंबट हवं. लीटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस, किंवा साधं पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, किंवा पाव चहाचा चमचा लिंबूफूल. यातलं एकच. केसांवरून ओतायचं, मिनिटभर थांबायचं आणि राहिलेल्या चांगल्या पाण्यानं धुऊन टाकायचं. आम्ल त्या कॅल्शियमला सोडवून घेतं आणि खवले मिटायला मदत करतं. लिंबू लावून गच्चीवर केस वाळवायला बसू नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते, काळे डाग पडतात. डोक्यावर खाजवून जखम झाली असेल तर आंबट काहीच नको.

आणि खाण्याचा सोडा नको. इंटरनेटवर तो सुचवणारे पुष्कळ आहेत. सोडा अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतो, त्यानं खवले मिटायच्या ऐवजी उघडतात. आधीच कोरडे केस म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पाणी चांगलं, तरी केस मेणचट आणि राठ

ओले असताना केसांना मेण लावल्यासारखं लागतं, वाळल्यावर राठ, आणि कंगव्याच्या दात्यांत राखाडी लेप. ही खूण दिसली तर तुमचा ‘शाम्पू’ शाम्पू नाही, साबण आहे.

मी एका प्रदर्शनातून हातानं बनवलेली रिठा-शिकेकाईची ‘शाम्पू वडी’ आणली होती. तपकिरी कागद, सुतळी, वर वाळलेलं जास्वंदीचं फूल. वास असा की लगेच न्हायला बसावं. तीन धुण्यांत केसांची वात झाली. कागद पुन्हा शोधून वाचला तर पहिलाच घटक सोडियम कोकोएट. म्हणजे खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा सरळ साबण; शिकेकाई असेल चिमूटभर. साबण आणि जड पाणी एकत्र आले की न विरघळणारी साय तयार होते. मघाच्या बाटलीत झालेलं ताक ते हेच, फक्त आता डोक्यावर.

यासाठी स्वयंपाकघरातली चाचणी आहे. पांढऱ्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात तोच हा खेळ. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर ब्रशनं फासा आणि वाळवा. शाम्पू किंवा वडी आरओच्या पाण्यात फेसवून एक थेंब त्या कागदावर टाका. (बोरिंगचं पाणी स्वतःच थोडं अल्कधर्मी असतं, ते निकाल बिघडवेल.) पिवळा राहिला तर ठीक. विटकरी लाल झाला तर वस्तू अल्कधर्मी आहे. माझी सुतळीवाली वडी डोळ्यांदेखत लाल झाली, लेक म्हणाली, ‘आई, हिला कुंकू लागलं!’

आकड्यांत सांगायचं तर साबणाचा पीएच (७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) ९ ते १० असतो. टाळूचा साधारण ५.५, आणि केसाच्या दांडीचा त्याहूनही आंबट, ३.७ च्या आसपास. म्हणून केसांना आंबटाकडे झुकलेलं मानवतं. वडी फेकायची नसेल तर हातपाय धुवायला वापरा, त्याला उत्तम आहे. केसांवर वापरायचीच असेल तर फक्त हलक्या पाण्यात आणि नंतर आंबट तांब्या न चुकता.

‘वनस्पतीजन्य’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा

थोडा. सोडियम लॉरिल सल्फेटसुद्धा खोबरेल किंवा पाम तेलापासून करतात. मूळ झाडाचंच, पण कोरड्या केसांवर ते ओरबाडल्यासारखं काम करतं. डब्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे वस्तू शाकाहारी, इतकंच. तो सौम्यपणाचा दाखला नव्हे. समोरच्या बाजूला छापलेली पानंफुलंही बघू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, पाण्याच्या नंतरची पहिली दोन-तीन नावं वाचा. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकोईल आयसेथायोनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन ही सौम्य घराण्यातली. कोरफड, जास्वंद, भृंगराज ही नावं सुगंधाच्याही नंतर आली असतील तर ती पाहुणी म्हणून आलेली आहेत.

ग्लुकोसाइडवाल्या शाम्पूंची एक गंमत आहे, आणि त्यामुळे कित्येक चांगल्या बाटल्या विनाकारण बाद होतात. ओल्या केसांवर ते करकरतात. धुतलेल्या काचेच्या ग्लासावरून बोट फिरवावं तसा आवाज येतो, गुंताही होतो, आणि वाटतं की हा तर फारच कडक. तसं नसतं. नेहमीच्या शाम्पूत केसांवर लेप सोडणारं काहीतरी असतं, सिलिकोन किंवा तत्सम. यात बहुधा ते नसतं. निकाल केस वाळल्यावर लावा, आणि टोकांना कंडिशनर लावाच. शाम्पू सौम्य झाला म्हणून कंडिशनर सुटत नाही. मी ते पहिले दोन महिने सोडलं होतं, तो माझाच आगाऊपणा.

रिठा-शिकेकाईनंच केस कोरडे होतात तेव्हा

होतात. असं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं दुखावतात, पण होतात. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन असतं. ते साबणासारखं फेसतं पण साबण नव्हे, त्यामुळे जड पाण्यात त्याची साय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तेल ओढून काढण्यात ते कमी नाही. आपली आई-आजी रिठ्यानं न्हायच्या तेव्हा आदल्या रात्री डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं असायचं. रिठ्याला ओढायला काहीतरी होतं. आपण कोरड्या, दोन दिवसांपूर्वी धुतलेल्या केसांवर तोच काढा ओततो आणि मग नवल करतो.

सासूबाईंचं माहेर देवासचं. त्यांच्या लहानपणी विहिरीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, आणि बंबाच्या आत जमलेली पांढरी खपली दिवाळीआधी खरवडायचं काम पोरांकडे असायचं. म्हणजे पाण्याचा जडपणा बंबातच उतरायचा. कुणाला माहीत नव्हतं, पण होत होतं. शिवाय केस धुतले की वाळल्याबरोबर तेल आणि घट्ट वेणी. वेणीत केस पिंजारलेले दिसत नाहीत. जुन्या फोटोंत सगळ्यांचे केस चापूनचोपून दिसतात त्यात निम्मी करामत वेणीची आहे, हे मी सासूबाईंना एकदा म्हटलं. त्यांनी मान्य केलं नाही.

काढा आमच्याकडे असा होतो. मारोठिया बाजारातून टरफलाचा रिठा आणायचा. दुकानदार विचारतो, ‘छिलका दूँ कि साबुत?’ साबुत स्वस्त दिसतो, पण आतल्या काळ्या बियांना फेस नसतो आणि त्यांच्या वजनाचे पैसे जातात. तीन-चार रिठ्यांची टरफलं, दहा-बारा शेंगा शिकेकाई, दोन चमचे मेथी, पाऊण लीटर हलकं पाणी. स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजत. लोखंडी कढई नको. शिकेकाईतलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून सगळं काळं करतं. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं, निवल्यावर हातानं कुस्करायचं. या वेळी हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो मेथीचा, कोरड्या केसांना खरा आधार त्याचाच. मग धुतलेल्या मलमलीतून गाळायचं, एकदा नव्हे, दोनदा.

आधी आम्ही रिठे सात-आठ घेत होतो, म्हणून कोरडेपणा. ते निम्मे केले आणि मेथी दुप्पट केली, तेव्हा बसलं. तुमचे केस अजून कोरडे पडत असतील तर रिठा आणखी एखादा कमी करा आणि मूठभर जास्वंदीची पानं वाटून घाला. फेस कमी होईल, होऊ द्या. डोक्याला तेल चोपडलेलं असेल तर एक रिठा वाढवा. हे माप प्रत्येक घरी वेगळं बसतं, त्यामुळे माझंच बरोबर असा हट्ट नाही.

तयार पावडर पाण्यात कालवून थेट डोक्यावर थापत असाल तर तेच बंद करून बघा आधी. शेंगांचे बारीक कण कितीही वस्त्रगाळ केले तरी केसांत अडकतात. आपण चोळतो तेव्हा ते बारीक रेतीसारखे खवल्यांवर घासले जातात, आणि वाळल्यावर कंगव्यातून भुसा पडत राहतो. पावडरही भिजवून, उकळून, गाळूनच घ्या. काढा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. वास बदलला किंवा वर तार आली की ओतून द्या, झाडांनाही नको. आणि डोळे मिटून. रिठा डोळ्यांत गेला तर काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

हातांची चूक

शाम्पू टाळूला लावायचा असतो, केसांच्या लांबीला नव्हे. टोकं म्हणजे केसांचा सर्वांत जुना भाग; खांद्याखाली केस असतील तर टोकांनी दोन-तीन वर्षं ऊन, फणी आणि बोरिंग सोसलेलं असतं. त्यांना खाली वाहणारा फेस पुरतो. शाम्पू आधी मगभर पाण्यात पातळ करा. पाणी कोमट. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळू नका, गुंता तिथेच होतो. पुसायला जाड लूपचा टॉवेल नको. जुना पंचा किंवा सुती टी-शर्ट घ्या आणि दाबून टिपा, झटकू नका. यजमानांच्या जुन्या पंच्यावरून आमच्याकडे आता मायलेकींची भांडणं होतात.

न्हाण्याआधी तासभर खोबरेल. इथे माझं मत ठाम आहे. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं, त्यामुळे धुताना केस पाण्यानं कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी निघून जातं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइलची तुलना होती; प्रथिन वाचवण्यात खोबरेलच पुढे निघालं. वाटीभर लागत नाही. दोन चमचे, खालच्या निम्म्या लांबीला. फार थापलं तर ते काढायला शाम्पू दोनदा लावावा लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

एवढं करूनही जुलैत केस उभे राहतात

पावसाळ्याचा पिंजारा वेगळा. तो घाणीचा नाही, क्षारांचा नाही, शाम्पूचा तर नाहीच. हवेतली वाफ केसात शिरते, केस जागोजागी कमीजास्त फुगतो आणि वळतो. कुरळे आणि आधीच खवले उघडलेले केस जास्त. त्यावर धुण्यानं इलाज होत नाही, लेप लावावा लागतो, आणि घरगुती लेपांत जवसाला तोड नाही. बाजारात अलसी म्हणून मागा. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद, आणि गरम असतानाच गाळायचं. मी पहिल्यांदा ‘निवू दे’ म्हणून ठेवलं. तासाभरानं पातेल्यात एक थरथरता गोळा होता, तो चाळणीतून उतरेना, कपड्यातून पिळला तर हाताच्या कोपरापर्यंत ओघळला, ओटा दोनदा धुवावा लागला. ओल्या केसांना थोडासा लावायचा, मुठीत दाबायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती दोन्ही पाण्यांच्या रविवारी बघा. मी घाईघाईत पाणी, वडी आणि तेल एकदम बदललं होतं, मग कशानं फरक पडला ते कळेना, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आधी शेवटचे तांबे, मग हळदीची चाचणी, मग रिठ्याचं माप. पाण्यात आणि शाम्पूत काहीच सापडलं नाही, केस अचानक राठ झाले, गळायलाही लागले, सोबत थकवा, वजनात फरक असं काही असेल तर थायरॉइड तपासून घ्या. तिथे शिकेकाई काय करणार. टाळूवर चट्टे, पू किंवा न थांबणारी खाज असेल तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे.

आमची शनिवारची बादली आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकून असते. कामवाल्या मावशी तिच्यातून दोनदा भांडी घासायला पाणी घेऊन गेल्या. तेव्हा लेकीनं झाकणावर खडूनं लिहिलं, ‘केसांचं पाणी’. मावशींनी विचारलं, हे काय असतं? तिनं त्यांनाही दोन बाटल्या हलवून दाखवल्या. पुढच्या शनिवारी मावशी स्वतःचा पाच लीटरचा कॅन घेऊन आल्या.